जे बसलं ते त्याचं

आमच्या अकोल्याच्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझ्या रेडिओकडे पाहून. माझ्याकडे पाहून कोणी खोली द्यावी असं माझ्यात तेव्हाही काही नव्हतं, आताही नाही. हवं तर आमच्या हिला विचारा. विचारलं नाही तरी ती सांगेलच.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं, आणि माझं लग्नही. अमरावतीहून अकोल्याला बदली झाली. मी भूगोलाचा मास्तर. नकाशावर डोळे मिटून नागपूर दाखवीन, पण रेडिओवर नागपूर लावायचं म्हटलं की मला घाम फुटे. रेडिओ सासऱ्यांनी लग्नात दिलेला. स्टेशनापासून टांग्यात ही त्याला मांडीवर घेऊन बसली होती, वरून गोधडी घातलेली. भांड्यांचं पोतं माझ्या मांडीवर होतं. दारात एक उंच, वाळलेला बुढा उभा होता. अंगात बंडी, आणि लोक कानावर बिडी ठेवतात तसा कानावर स्क्रू पिळायचा छोटा पेचकस.

"किती व्हॉल्व्हचा हाय?" त्यांनी विचारलं.

"काय?" मी म्हणालो.

"रेडिओ, मास्तर, रेडिओ. बायको किती व्हॉल्व्हची हाय हे नाई इचारून राह्यलो."

आमचं गाव, गोत, पगार यांतलं काहीही त्यांनी विचारलं नाही. गोधडी उचलून मागच्या जाळीतून आत पाहिलं, नाकानं वास घेतला, बोटाच्या पेरानं डब्यावर टकटक केलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "तब्बेत बरी हाय," ते म्हणाले. कोणाची, ते मी विचारलं नाही.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणे. काकाजींची हयात अकोटच्या एका जिनात गेली होती. जिनात कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं ओळीनं उभी असतात. त्यांतलं एखादं अडलं की काकाजी त्याचा चामड्याचा रूळ काढून शेजारच्या यंत्राला लावत आणि शेजारच्याचा याला. बिघाड रुळासोबत शेजारी गेला तर रूळ खराब. जागीच राहिला तर यंत्र खराब.

"बिघाड म्हनजे पाव्हना असते मास्तर," ते सांगत. "तो कोनाच्या मांगं मांगं जाते ते पाहाचं. मंग त्याचं गोत समजते."

पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती. फक्त जिनातली सगळी यंत्रं एकाच शेठजीची असतात आणि गल्लीतले रेडिओ वेगवेगळ्या लोकांचे असतात, एवढी बारीकशी गोष्ट घरी बसल्यावर त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

गल्लीत रेडिओ चार. एक खुद्द काकाजींचा. दुसरा शेजारच्या वकीलसाहेबांचा. हे मूळचे पुण्याचे, आणि आमची बोली ऐकली की अजूनही दचकत. तिसरा समोरच्या तारमास्तरांचा. ते तारघरात होते, आणि घरी बोलतानासुद्धा शब्दांचे पैसे पडतात असं समजून बोलत. चौथा आमचा. वकिलांच्या रेडिओवर गणपती असे, तारमास्तरांच्या रेडिओवर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि आमच्या रेडिओवर माझ्या सासऱ्यांचा फोटो. तिघांचीही नजर असून खाली काय चाललंय ते एकालाही थांबवता आलं नाही.

सुरुवात आमच्यापासून झाली. महिन्याभरात आमच्या रेडिओचा आवाज बसला. काकाजी बोलावल्याशिवाय आले. मागची पाठ उघडली, एक व्हॉल्व्ह, म्हणजे आतला काचेचा दिवा, उपटला, धोतरात गुंडाळला, वकिलांकडे गेले आणि त्यांचा व्हॉल्व्ह घेऊन परत आले. आमचा रेडिओ खणखणीत वाजू लागला.

"पाहा! पाव्हना वकिलाच्या घरी गेला," काकाजी आनंदानं म्हणाले.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? तुमचा बरा झाला."

"पण वकिलांचा?"

"त्याहीचाबी होईन. तारमास्तरचा व्हॉल्व्ह हाय ना!"

अशा रीतीनं गणपतीखालचा व्हॉल्व्ह सासऱ्यांच्या फोटोखाली आला, बुद्धाखालचा गणपतीखाली गेला, आणि आमचा आजारी व्हॉल्व्ह काही दिवस काकाजींच्या फडताळात विश्रांती घेऊन पुन्हा कोणाच्या तरी पोटात शिरला. त्यानंतर कंडेन्सर झाले, ट्रान्सफॉर्मर झाले, एकदा तर स्पीकरचा पडदा झाला. नवीन वस्तू काकाजींनी कधी विकत आणली नाही. नवीन आणणं म्हणजे त्यांच्या मते हार खाणं होतं. एखादा भाग एखाद्या रेडिओत नीट बसतो की नाही, एवढाच त्यांचा कायदा. "जे बसलं ते त्याचं," ते म्हणत. वकीलसाहेबांनी या कायद्यावर एकदा अर्धा तास हरकत घेतली. काकाजींनी ती ऐकून घेतली आणि तेवढ्या अर्ध्या तासात त्यांचा एक कंडेन्सर काढून घेतला.

दुरुस्ती संपली की काही स्क्रू नेहमी उरत. ते काकाजी एका डब्यात टाकत. "कंपनी जास्तीचे देते," असं त्यांचं म्हणणं. पुढेपुढे आमच्या रेडिओची पाठ सुतळीनं बांधलेली असे.

एकदा सासरे अमरावतीहून आले. त्यांनी सुतळी सोडली, आत डोकावले. मग म्हणाले, "हा मी देल्ला तो नोहे."

"डबा तोच हाय बाबा," ही म्हणाली. "आतला माल बदलला." आणि उगाचच माझ्याकडे पाहिलं.

तारांच्या जोडांना राळ लावून डाग देण्याची तांब्याच्या टोकाची सळई काकाजी काकूंच्या चुलीत तापवत. काकू भाकरी थापत असल्या तरी ते सळई निखाऱ्यात खुपसत आणि भाकरीच बाजूला सरकवायला लावत. त्या घरच्या वरणाला राळेचा वास असे. मला तो आवडू लागला होता, यावरून मी तेव्हा तिथं किती वेळा जेवलो ते कळेल.

काकू ठेंगण्या, गोऱ्या आणि गप्प. गप्प म्हणजे त्यांना बोलायला फटच मिळत नसे. काकाजी जिनात नोकरी करत तेव्हा यंत्रांच्या धडधडीत ओरडून बोलायची सवय लागली होती, ती घरी आल्यावरही गेली नाही. घरातलं एक वाक्य गल्लीच्या टोकाला ऐकू जाई, आणि ते नेहमी काकाजींचंच असे.

वर्षातून एकच महिना काकूंचा. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात पोरी भुलाबाई मांडतात, घरोघर जाऊन तिची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायला लावतात. गल्लीतल्या पोरींना सगळी गाणी काकूंनी शिकवलेली. त्यांचा आवाज असा काही होता की, हिच्या शब्दांत, "अंगावरून साय फिरवल्यावानी." पण गाणं रंगात आलं की ओसरीवरून हाक येई, "अवं, माहा पेचकस कुठी हाय?" पेचकस कानावर असे. आणि पोरी खाऊ ओळखायला बसल्या की आतून काकाजी ओरडत, "शेंगदाण्याचे लाडू हाय व पोट्ट्याहो! चला, निंगा!"

काकू झाकण उचलत. लाडू वाटत.

एका वर्षी नागपूरच्या रेडिओची माणसं बायकांची जुनी गाणी टेपवर घ्यायला मुलींच्या शाळेत आली. पोरींनी काकूंना ओढतच नेलं. काकू गायल्या. त्या माणसांनी, आता तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवतो, असं म्हणून फीत उलटी गुंडाळली, आणि लाइट गेली. बराच वेळ आली नाही. त्यांना पुढं परतवाड्याला जायचं होतं; ते गेले. जाताना सांगून गेले की कोजागिरीच्या आधीच्या रविवारी दुपारी, बायकांच्या कार्यक्रमात लागेल. एकदाच लागेल.

घरी येऊन काकूंनी हे हिला सांगितलं. "मी म्हातारी होऊन राह्यली," त्या म्हणाल्या, "पन माहा आवाज कसा हाय हे मले ठाऊक नाई व. गाते तवा आयकू येत नाई, अन् हे बसू देत नाई. एक डाव आयकाले पायजे."

ही गोष्ट हिनं मला सांगितली, मी तारमास्तरांना, त्यांनी वकिलांना. काकाजींना कळल्यावर ते म्हणाले, "नागपूरवाल्याहीले जिनाचा पट्टा घासल्याचा आवाज आवडला वाट्टे." पण त्या दिवसापासून ते आमच्या बांबूवरच्या एरियलची तार रोज ओढून पाहू लागले.

रविवार आला. सकाळी काकू न्हाल्या, ठेवणीतलं लुगडं नेसल्या. ते पाहून वकीलसाहेब कुंपणावरून मला म्हणाले, "दुपारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतो हं. आमचा रेडिओ जरा बंद आहे."

"आमचाही बंदच आहे," मी म्हणालो. "आम्ही तारमास्तरांकडे जाणार होतो."

समोरच्या दारातून तारमास्तर म्हणाले, "बंद. तुमच्याकडे येत होतो."

आम्ही तिघांनीही काकाजींच्या ओसरीकडे पाहिलं. काकाजींच्या रेडिओत त्या वेळी नुसती पोकळी होती. तिच्यात ते सुपारी ठेवत.

मग जी भांडणं झाली ती सांगत नाही. वकीलसाहेबांनी आपल्या सगळ्या भागांवर शाईची खूण केली होती, असं तेव्हा बाहेर आलं. काकाजींनी ती मळ समजून पुसली होती, हेही तेव्हाच बाहेर आलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. "राहू द्या," एवढंच म्हणाल्या आणि ठेवणीतल्या लुगड्याचा पदर खोचून भांडी घासायला बसल्या.

काकाजींनी ते पाहिलं. ते चूप झाले. इतक्या दिवसांत काकाजी चूप झालेले मी प्रथमच पाहत होतो, आणि खरं सांगतो, ओरडण्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

मी सायकल काढून रेडिओच्या दुकानदाराच्या घरी गेलो. त्यानं माझा पत्ता ऐकला आणि विचारलं, "काकाजीचा हात लागला काय सेटले?"

"थोडासा," मी म्हणालो.

"मंग सेट ठेवून जा. दिवाळीनंतर पाहू. कोनत्या दिवाळीनंतर, ते इचारू नोका."

वकीलसाहेबांनी सुचवलं की चौकातल्या हॉटेलात रेडिओ आहे, तिथं जावं. काकूंनी भांड्यांतून मान वर केली. "मी काय गड्यामानसाहीत चहा प्याले बसू तिथी?" विषय संपला.

"चारी डबे आना," काकाजी म्हणाले. आवाज साधाच होता.

आमच्या खोलीत चारही रेडिओ पाठी उघडून जमिनीवर मांडले. न्हाऊ घालायला बसवलेली पोरं दिसावीत तसे ते दिसत होते. काकाजी मधे मांडी घालून बसले. आजवर ते एका रेडिओतला भाग दुसऱ्यात नेऊन बिघाडाचा पाठलाग करत. आता त्यांना उलट करायचं होतं. चारही घरांतले जिवंत भाग शोधून एका घरात जमवायचे होते. कोणता जिवंत आणि कोणता मेलेला, हे त्यांनाच आठवत नव्हतं. एकेक व्हॉल्व्ह लावायचा, तापायची वाट पाहायची, काढायचा, दुसरा लावायचा. वकीलसाहेब दर वेळी, "हा माझा असावा," म्हणत. शेवटी त्यांच्या बायकोनं त्यांना पंखा घ्यायला लावलं आणि काकाजींना वारा घालायच्या कामावर बसवलं. मी काय केलं? मी नागपूर कोणत्या दिशेला आहे ते दाखवलं. तेवढंच मला येत होतं.

डाग द्यायची वेळ आली. सळई घेऊन काकाजी आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथंच थांबले. "खुपसू काय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. "खुपसा," त्या म्हणाल्या, आणि भाकरी आपण होऊन बाजूला घेतली.

उन्हं माथ्यावर आली तेव्हा आमच्या डब्यातला हिरवा डोळा, म्हणजे रेडिओ चालू झाल्याचा दिवा, उघडला. आधी गुणगुण, मग खरखर, मग एक स्वच्छ आवाज कापसाचे भाव सांगू लागला. कापसाच्या भावाला टाळ्या पडल्या, असं वऱ्हाडात त्यानंतर कधी झालं नसावं. ही धावत जाऊन काकूंना घेऊन आली. पाट मांडला. काकूंनी हात पुसले, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि बसल्या.

तेवढ्यात छपराच्या कवेलूंवर धडाड धडाड झालं. वानरांची टोळी छपरावरून पलीकडच्या निंबावर गेली आणि जाताना एरियलचा बांबू घेऊन गेली. रेडिओत पुन्हा खरखर.

"फोकनीचे वांदरं!" म्हणत काकाजी बाहेर पळाले. त्या वयात ते वकिलांच्या कुंपणावरून, न्हाणीच्या भिंतीवरून छपरावर कसे चढले ते त्यांनाच माहीत. तुटलेल्या तारेचं टोक त्यांनी हातात धरलं आणि दुसरा हात आभाळाकडे केला. खरखर गेली! हात खाली केला, खरखर आली. मी खिडकीतून ओरडलो, त्यांनी पुन्हा वर केला; निवेदिकेचा आवाज आला, की आता अकोल्याच्या भगिनी भुलाबाईची गाणी सादर करतील.

म्हणजे बांबूच्या जागी आता काकाजी होते.

गाणं सुरू झालं.

*दारी लावली जाई बाई, दारी लावली जाई*
*पानी घालू कवा तिले, मले सवडच नाई...*

"येते काय?" वरून काकाजी ओरडले.

"येते!" मी खिडकीतून ओरडलो.

"साफ येते काय?"

"साफ!"

"का हात अजून वर करू? मले मुंग्या येऊन राह्यल्या! मास्तर, आता येते काय?"

काकू पाटावरून उठल्या. खिडकीशी गेल्या, मला बाजूला सारलं, वर तोंड केलं आणि जिनाची धडधड असती तरी ऐकू गेलं असतं अशा आवाजात म्हणाल्या,

"चूप राहा ना जी! मी गाऊन राह्यली!"

वकीलसाहेबांचा पंखा थांबला. छपरावर काकाजींचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. पण त्यातून आवाज आला नाही. हात मात्र वर होता. ऊन, मुंग्या, खाली मोडत असलेलं कवेलू, यांतल्या कशानंही तो खाली आला नाही.

काकू परत पाटावर येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. डोळे रेडिओवर, एक हात स्वतःच्या गळ्यावर. जणू तिथून काही निघतं आहे का ते चाचपून पाहत होत्या. गाणं संपलं. पापडाच्या कृती सुरू झाल्या. मी बाहेर जाऊन काकाजींना उतरायची खूण केली. बोलायचं धाडस माझंही होत नव्हतं.

ते उतरून आले. पोटरी खरचटलेली, पेचकस कुठंतरी पडलेला. दाराच्या चौकटीला धरून त्यांनी हळूच विचारलं, "कशी गायली?"

"मी नोहती ते," काकू म्हणाल्या. "कोन्ती तरी बाई होती." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "बरी गात होती."

छपरावर रेडिओ ऐकू येत नाही. सगळ्या गल्लीत ते गाणं न ऐकलेला एकच माणूस होता. काकाजींनी कानावर हात नेला, पेचकस नव्हता. हात तसाच खाली आला.

"मंग त्या बाईले म्हना," ते म्हणाले, "एक डाव मलेबी आयकव म्हना."

काकूंनी पाट उचलला. "म्हनीन. पन आंधी ज्याचे त्याचे व्हॉल्व्ह ज्याच्या त्याच्या घरी गेले पायजे. सगळे रेडिओ वाजले पायजे. मंग."

त्या संध्याकाळी काकाजी धोतराच्या ओच्यात सगळा माल घेऊन दारोदार फिरले. कोणतं काय कोणाचं, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यांनी आपल्या कायद्यानुसार जे जिथं बसलं ते तिथं बसवलं. आमचा रेडिओ लावला. हिरवा डोळा एकदा मिचकावला आणि मिटला. काकाजी माझ्याकडे पाहत होते. मी हिच्याकडे पाहिलं.

"वाजून राह्यला ना काकाजी," ही म्हणाली. "छान वाजून राह्यला."

माझी बायको इतकं सराईत खोटं बोलते हे मला तेव्हा कळलं. पुढे त्याचा मला त्रास झाला, पण ते वेगळं. समोर तारमास्तर म्हणाले, "वाजतो." वकीलसाहेबांकडे काय होतं याची मला काळजी होती, पण तो सत्यवचनी पुणेकर मुक्या रेडिओसमोर उभा राहून म्हणाला, "उत्तम. अगदी पूर्वीसारखा."

दिवे लागले. आमच्या आणि काकाजींच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती, मातीची. आम्ही दोघं ताटं वाढून बसलो होतो, पण जेवत नव्हतो. आधी बांगड्या वाजल्या. मग जाईचं गाणं सुरू झालं. खरखर नाही, गुणगुण नाही. रेडिओवर आलं होतं त्याहून कितीतरी स्वच्छ. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. पेचकसाची हाक आली नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो.

तिसऱ्या कडव्याच्या आधी काकू श्वास घ्यायला थांबल्या, तेव्हा भिंतीपलीकडून काकाजींचा आवाज आला. आयुष्यभरात इतका हळू ते कधी बोलले नसतील.

"अवं, जराकसा आवाज वाढव."